कोंबड्याची पिसं घेऊन किसनच्या खाडीवर

त्या दिवशी सकाळी, गळ्यात तुळशीची माळ असलेला मी, रसूलभाईंच्या अंगणात त्यांच्या तांबड्या कोंबड्याची मान धरून बसलो होतो. पाय रसूलभाईंनी धरले होते. कोंबड्याला काही करायचं नव्हतं. मला त्याच्या मानेवरची लांब, चकाकणारी पिसं हवी होती, तीही न मोडता. रस्त्यानं बाया पाण्याला चालल्या होत्या आणि पाहून पुढं जात होत्या. रसूलभाई म्हणाले, "दादा, एक तर माळ झाका, नाही तर कोंबडा झाका. दोनी संगच दिसून राह्यले."

मी पंधरावीस पिसं काढली, गळून पडलेली त्यांनी एका डब्यात जमवून ठेवली होती तीही घेतली, आणि कोंबड्याची मनातल्या मनात माफी मागून घरी आलो. मग एक काम केलं, जे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. पिसं रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली आणि उन्हात वाळवली. माळकऱ्यानं पाखराची पिसं तशीच कशी न्यायची?

या पिसांमागं एक कार्ड होतं. ते आमच्या वडिलांच्या नावे आलं होतं, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. कार्ड माझ्या धाकट्या भावाचं, किसनचं. त्यानं लिहिलं होतं की मी खुशाल आहे, कोकणात खाडीवर साहेबांजवळ राहतो. साहेब पिसाच्या गळानं मासे धरतात, लढाईमुळे विलायतेहून पिसांचं पार्सल येणं बंद झालं आहे आणि इकडच्या कोंबड्यांची पिसं नरम पडतात. तरी आपल्याकडच्या तांबड्या कोंबड्याची मानेची पिसं मिळाल्यास पाठवावी. शेवटी बारीक अक्षरात, माय कशी आहे?

पंधरा वर्षांनी आलेलं हे पहिलं कार्ड. किसन वीस वर्षांचा असताना सडकांचं काम पाहणारे एक साहेब पैनगंगेच्या काठी तंबू टाकून राहिले होते. किसन त्यांच्याकडं कामाला लागला आणि मासे धरायला शिकला. आमचं घर माळकऱ्यांचं. वडिलांनी त्याचं ताट वेगळं केलं. आत आम्ही, आणि पडवीत एकटा तो. पाच दिवस तो पडवीत जेवला आणि सहाव्या दिवशी साहेबांबरोबर निघून गेला.

मायनं ते कार्ड पदराच्या गाठीत बांधलं आणि दिवसभर कुणालाही पाहून हसत राहिली. मी मात्र तिच्यासमोरून उठून वावरात गेलो. कारण तीन वर्षांपूर्वी किसनला मी जाळलं होतं.

आमच्याकडं माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला तर तो गेला असं धरतात. पळसाच्या देठांचा आणि पानांचा त्याचा देह करतात, मंत्र म्हणून त्याला अग्नी देतात, दहा दिवस सुतक धरतात. बारा वर्षं भरली तेव्हा माझी मुलगी गंगू तापानं झिजत चालली होती. आमचे जोशीकाका म्हणाले, घरातलं कुणी तरी विधीवाचून राहिलं आहे. मी किसनचा विधी केला. डोकं भादरलं. मायनं त्या दिवशी सुतकाची आंघोळ केली नाही. "माह्या पोटाले काई समजलं नाही," एवढंच ती म्हणाली. गंगूचा ताप महिनाभरात उतरला. तो कशानं उतरला हे मला आजही कळलेलं नाही, आणि देवाला विचारायचं धैर्य नाही.

निघण्याआधी जोशीकाकांकडं गेलो. ते म्हातारे आणि मायाळू गृहस्थ आहेत. पोथी काढून म्हणाले, असा माणूस परत आला तर शास्त्रानं वाट सांगितली आहे. घरात पाऊल टाकण्यापूर्वी तूप-पाण्याच्या मोठ्या भांड्यात त्याला बसवायचं, बाहेर काढून नव्यानं जन्मला असं मानायचं, बाराव्या दिवशी नाव ठेवायचं. तोवर त्याला पंगतीत घेता येत नाही. मी हो म्हटलं. घंगाळं कुणाचं आणायचं तेही भाऊबंदांना सांगून ठेवलं. मायला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "घेऊन ये," ती म्हणाली, "बाकी तुमचं तुमी पाहा."

म्हणजे मला दोन गोष्टी करायच्या होत्या. किसनला सांगायचं होतं की तुला मी जाळलं. आणि त्याला घरी आणायचं होतं.

आता वाटेचं सांगतो, कारण आमच्या भागातल्या कुणाला समुद्र पाहायचा असेल तर उपयोग होईल. माझं स्वतःचं फिरणं म्हणजे पोहरादेवीची जत्रा, कामरगावची सासुरवाडी आणि महिन्याकाठी मिरची-वांग्यांच्या टोपल्या घेऊन अकोल्याचा बाजार. अनसिंगजवळच्या आमच्या गावाहून बैलांच्या दमणीनं वाशीम गाठलं. तिथून सर्व्हिस मोटार. मागच्या बाकावर बसू नका. पातूरच्या घाटात कमरेचे हाल होतात. पिसं मी वेळूच्या नळकांड्यात भरून तोंडाला कापड बांधलं होतं. कंडक्टरनं आत काय आहे विचारलं. खोटं सांगवेना. कोंबड्याची पिसं आहेत आणि ती समुद्रावर मासे धरायला चालली आहेत असं सांगितलं. गाडीतलं कुणी हसायचं राहिलं नाही. वाशीमजवळच्या मालेगावला उतरताना एक म्हातारा माझ्या माळेकडं पाहून म्हणाला, "बाप्पा, मासे धरा, पण धरताना डोये मिटून घेजा."

अकोल्याहून मुंबईची गाडी. दशम्या आणि तिळाची चटणी दोन दिवस टिकते. स्टेशनावर काही विकत घ्यावं लागत नाही. मुंबईबद्दल मी लिहीत नाही. मी ती फक्त ओलांडली. स्टेशनापासून धक्क्यापर्यंत घोडागाडीवाला मागेल त्याच्या निम्म्यानं येतो. आगबोटीचं डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण इंजिनाजवळ पथारी टाकू नका, तेलाच्या वासानं पोट ढवळतं. माझं ढवळलं. शेजारी बसलेल्या एका कोकणातल्या बाईनं आवळकाठी दिली आणि लांब पाण्याकडं नजर ठेवायला सांगितलं.

तेव्हा मी समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला. तो मोठा असेल हे ऐकून होतो, त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याला धुरा नसल्याचं. आमच्याकडं प्रत्येक वावराला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, असतो, आणि धुऱ्यावरून भांडणं असतात. इथं नजर जिथं थकेल तिथं हद्द. मी हात जोडले आणि किसनला सांगायचे शब्द मनात जुळवायला लागलो. दुपारपर्यंत जुळले नाहीत.

जयगडला आगबोट पाण्यातच थांबते. काठावरून पडाव येतात आणि माणसं, बोचकी, कोंबड्या त्यात उतरवून नेतात. वहाणा आधीच हातात घ्या. शेवटी गुडघाभर पाण्यातून चालावंच लागतं. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले आणि मी येतो आहे, असं कार्ड टाकलं होतं. काठावर एक काळाकभिन्न, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. मी त्याला ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं, पाण्यात शिरला, माझ्या हातातलं नळकांडं घेऊन डोक्यावर धरलं आणि ओल्या वाळूतच माझ्या पाया पडला. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "औक्षवंत हो." आयुष्यात मी इतका कधी शरमलो नव्हतो.

किसनचं घर खाडीच्या आत, छोट्या होडीनं तासाभराच्या अंतरावर. माडांखाली दोन खोल्या आणि पडवी. वर टेकाडावर साहेबांचा बंगला. नोकरी संपल्यावर साहेब मायदेशी न जाता इथंच राहिले आणि किसन त्यांचा होडीवाला, सोबती आणि पिसं बांधणारा झाला. त्याची बायको चंद्रा खाडीवरचीच. मी आलो तेव्हा तिनं पडवीत तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती आणि शेजारी कोरी मडकी ठेवली होती. "मडकी नवी हायत, भावोजी," ती म्हणाली. "यांना मासा लागलेला न्हाय."

तिनं भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी केली. पहिल्या घासाला ती कढी मला विचित्र लागली, चौथ्या घासाला आवडली. जेवताना माझ्या लक्षात आलं की मी पडवीत एकटा जेवतो आहे आणि किसन आत. ज्या पडवीमुळे तो घर सोडून गेला ती मी बरोबर घेऊन आलो होतो. फक्त आत-बाहेर बदललं होतं. 

संध्याकाळी किसननं दिव्याजवळ बसून नळकांडं उघडलं. एक पीस बोटांत फिरवलं, ओठांना लावलं, पाण्याच्या वाटीत टाकलं. पीस पाणी पिऊन खाली बसलं. त्यानं दुसरं टाकलं. तेही बसलं. कोंबड्याच्या पिसाला आपलं तेल असतं, ते पाणी धरू देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"धुतले का?"

"रिठ्यानं. तीनदा."

तो इतका हसला की चंद्रा बाहेर आली. "दादानं पिसं सोवळ्यात आणली," त्यानं तिला सांगितलं. तिला सोवळ्याचं काही कळलं नाही, पण नवऱ्याला हसताना पाहून तीही हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी लागताना साहेब होडीत आले. पांढरी दाढी, पाय ओढत चालायचे. त्यांनी तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत मला सांगितलं की एवढ्या लांबून कुणी त्यांच्यासाठी पिसं आणली नव्हती. आणि धुतलेल्या पिसांचं ऐकून म्हणाले, वाईट नाही, आज रावस खाली असेल, बुडणारंच पीस पाहिजे. ते खरं निघालं.

मासे धरणं मी याआधी कधी पाहिलेलं नव्हतं, वडिलांच्या धाकानं. त्यामुळे इतर लोक कसे धरतात ते मला माहीत नाही, पण ही रीत वेगळी आहे. गळाला किडा नाही, पीठ नाही. एका आकड्यावर पांढऱ्या पिसांचा बारीक मासा बांधलेला, मानेशी तांबडं पीस, अंगाला जरीची तार. ही तार किसननं माझ्या फेट्याच्या काठातून उसवून घेतली होती. काठी वेळूची, चिरलेल्या पट्ट्या डकवून केलेली. जड असतो तो दोर. गळाला वजनच नसतं. दोर आधी मागं फेकायचा, तो हवेत पुरता सरळ होऊ द्यायचा, मग पुढं. साहेबांचा दोर डोक्यावर एवढा हळू फिरायचा की मला देवळातल्या चवरीची आठवण झाली. खाडीतले लोक पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकून मासे धरतात. त्यांच्यातला एक जण होडी जवळ आणून म्हणाला, "किसना, मासा धरतोस का पाखरू उडवतोस?" किसननं त्याला महागातल्या तांबोशीचा भाव विचारला आणि तो होडी वळवून गेला, कारण त्याच्या पागेत स्वस्तातल्या बोयाच होत्या.

ओहोटीचं पाणी खडकांमधून ओढून बाहेर जायला लागलं तसं साहेबांच्या काठीचं टोक वाकलं. दोर काठीच्या मुठीजवळच्या चकरीवरून खरखरत गेला. रावस धरायला बराच वेळ लागला. होडीत आला तेव्हा तो चांदीच्या ताटासारखा दिसत होता. मी डोळे मिटले नाहीत. त्याचा जीव जाताना मला वाईट वाटलं आणि तो सुंदर आहे असंही वाटलं. या दोन गोष्टी एका मनात कशा राहतात ते मी अजून सोडवतो आहे. साहेबांनी एवढा एकच ठेवला. पुढचे दोन आकडा काढून पाण्यात सोडले. खाण्यापुरतं झालं म्हणाले.

तो दिवसही न सांगताच गेला. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या पायाच्या दुखण्यानं उचल खाल्ली आणि होडीत आम्ही दोघेच भाऊ होतो. किसननं काठी माझ्या हातात दिली. मासा नको, नुसता दोर टाकून बघ म्हणाला. आकडा काढून नुसतं पीस बांधलं. तरी पहिल्या फेकीला ते माझ्या फेट्यात अडकलं, दुसऱ्या फेकीला किसनच्या कानामागं. "मांगचा दोर पुरा सरळ होऊ दे," तो म्हणाला. "तू लगेच पुढं ओढून राह्यला." दहाव्या-बाराव्या वेळी दोर चार हात सरळ पडला. मला गंगू पहिल्यांदा चालली तेव्हासारखा आनंद झाला. मग त्यानं काठी घेतली, आकडा बांधला आणि पुढं उभा राहिला.

भरती संपून पाणी थांबलं होतं. खाडीत अशी एक वेळ येते, तेव्हा पाणी आतही येत नाही आणि बाहेरही जात नाही. होडीवर काही ओढ नव्हती. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर मी न सांगता परत जाईन.

"किसन, तीन वर्षांमांगं मी तुहा विधी केला. पळसाचा."

त्यानं वळून पाहिलं नाही. आमच्याकडच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. त्याचा दोर पाण्यावर पडलेला होता. तेवढ्यात तो ताणला, काठीचं टोक दोनदा खाली गेलं. किसनचा हात उचलला गेला नाही. मासा ओढून पाहून सोडून गेला.

"देठं किती लागले?" त्यानं विचारलं.

"तीनशे साठ."

"अन् डोकं?"

"नारळाचं."

"बाबा म्हणतच होते, याच्या डोक्यात नुसतं खोबरं हाय," तो म्हणाला. मला हसू आलं नाही. त्यानं दोर गुंडाळून घेतला आणि ओलं पीस तळहातावर ठेवलं. "माहं काम हेच हाय, दादा. पिसाले जीव आहे असं दाखवाचं, अन् माशाले फसवाचं. तुनं पानाचा किसन केला. त्यात कोन फसलं?"

"मी."

त्यानं ते पीस पिळून होडीच्या काठावर वाळत ठेवलं. मग त्यानं जे विचारलं त्याला मी जाळण्यापेक्षाही जास्त भीत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

"अकोल्याले साहेबाचं हापिस होतं. तिथं कोणाले पुसलं होतं का?"

मी दर महिन्याला अकोल्याला जात होतो. ते ऑफिस बाजाराच्याच वाटेवर आहे. तीन पायऱ्या चढून, ते साहेब कुठं गेले, एवढंच विचारायचं होतं. बारा वर्षांत एकदाही चढलो नाही. आधी वडिलांना वाईट वाटेल म्हणून. वडील गेल्यावर, तो आला तर त्याचं ताट कुठं मांडायचं हे ठरवावं लागेल म्हणून. मग सवय झाली म्हणून. बारा वर्षं भरण्याची मी वाट पाहिली, असंच म्हणावं लागेल.

"नाही पुसलं," मी म्हटलं.

किसननं मान हलवली. "मीबी लेहलं नाही. म्हटलं, मोठा हाय, तो पहिले बोलावीन."

मग मी त्याला जोशीकाकांचं सांगितलं. तूप-पाण्याचं घंगाळं, नवा जन्म, बाराव्या दिवशी नाव. ते ऐकून तो होडीत खाली बसला.

"मायले पाह्याचं हाय, मी येतो. पण थ्या घंगायात बसनार नाही. मी जन्मलो तवा मायनं कळा देल्या. आता दुसऱ्यांदा कोन देईन? जोशीकाका?"

"मंग काका पंगतीत..."

"थे तू पाहा. घरात घेशील का नाही, थे तूच ठरव, दादा. मी जित्ता येतो. जित्ताच घेशील तर घे."

 पाणी फिरलं आणि होडी आपोआप समुद्राकडं सरकायला लागली.

साहेबांनी किसनला पंधरा दिवसांची सुट्टी दिली. चंद्रा कोंबड्या आणि घर पाहायला थांबली. निघताना तिनं माझ्यासाठी घेतलेली मडकी पडवीत उपडी घालून ठेवली. "परत यालाव की लागतील," म्हणाली. परतीच्या वाटेवर किसननं मला काही विचारलं नाही. आगबोटीवर त्यानं लोकांना मासे ओळखून दाखवले, मुंबईत घोडागाडीवाल्याशी माझ्यापेक्षा चांगली घासाघीस केली. मीच मनात दर स्टेशनाला बाजू बदलत होतो. भुसावळला वाटलं, शास्त्र मोडून मी कोण? अकोल्याचे उतारू आवराआवर करायला लागले तेव्हा वाटलं, घंगाळ्यात हात-पाय धुतले तरी चालत असतील, काकांना विचारू.

अकोल्याला मोटारीला तासभर होता. किसनला बोचक्यांपाशी बसवलं आणि मी त्या ऑफिसाच्या तीन पायऱ्या चढलो. एक म्हातारा चपराशी स्टुलावर बसला होता. मी विचारलं, पंधरा वर्षांपूर्वी इथं सडकांचे एक साहेब होते, पिसांनी मासे धरायचे. पुढं मला काही बोलावंच लागलं नाही.

"मासेवाले साहेब," तो म्हणाला. "कोकणात राह्यले थे, जयगडकडे. दोन-तीन वर्षं त्याईचे कागद तिकडंच जात. संग एक पोरगा होता, तुमच्याच अंगचा. काहून? कोन लागते तुमचा?"

मी भाऊ म्हटलं. त्यानं पाणी दिलं. पायऱ्या चढून खाली येईपर्यंत मोटारीवाल्याची एक विडीही ओढून झाली नव्हती. बाराही वर्षं ते उत्तर त्या स्टुलावर बसलेलं होतं.

आता हे लिहिताना त्या प्रवासाला दोन महिने होत आले. जाणाऱ्यांनी दसऱ्यानंतर जावं, पावसाळ्यात आगबोटी बंद असतात. थंडीचे दिवस बरे, पाणी निवळ असतं. सोबत भाकरीचं पीठ न्या, तिकडं ज्वारी मिळत नाही. साहेबांसारखी माणसं विचारलं तर होडीत बसू देतात. मासा खाणाऱ्यानंच जावं असं नाही; मी खात नाही आणि पुढंही खाणार नाही. पण दोर पाण्यावर पडतो तेव्हा त्याचा आवाज होत नाही, ते पाहण्यासाठी गेलं तरी चालेल. माझ्यापाशी काय राहिलं म्हणाल तर ते थांबलेलं पाणी. पूजेला बसतो तेव्हा कधी कधी तसं होतं, आत-बाहेर काही ओढ नसते, आणि मग मला जे सांगायचं टाळलेलं असतं ते आठवतं.

घरी पोचलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

दमणी गावात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या अंगणात घंगाळं भरून ठेवलं होतं. मीच सांगून गेलो होतो. जोशीकाका पाटावर बसले होते, भाऊबंद ओट्यावर, रसूलभाई कुंपणाबाहेर. माय दारात उभी होती आणि उंबऱ्याच्या पुढं येत नव्हती, कारण तिला तसं सांगितलेलं होतं. किसन फाटकाशी थांबला. त्यानं मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मी फेटा उतरवला आणि काकांपुढं जाऊन बसलो. म्हटलं, "काका, यात त्याचा दोष नाही. न शोधता, न पुसता जित्ता माणूस मी जाळला. अकोल्याले पुसायची पाच मिनिटं मले बारा वर्षांत झाली नाही. घंगाळ्यात कोणाले बसवायचंच असेल तर मले बसवा."

काकांनी पोथीवर हात ठेवला. मग म्हणाले, "शास्त्रात परतून आलेल्याचं सांगितलं आहे, बाबा. जाळणाऱ्याचं काय करायचं, मले माहीत नाही. घर तुहं हाय."

एक चुलतभाऊ उठून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. लग्नकार्यात ते आता आमच्याकडं जेवतील का नाही, मला ठाऊक नाही. काका उठले नाहीत. मी फाटकाशी गेलो, किसनचं मनगट धरलं आणि घंगाळ्याच्या बाजूनं त्याला घरात आणलं. माय त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि एकच म्हणाली, "उन्हानं काया झाला रे."

तिनं दोन ताटं वाढली होती. एक आत, माझं. एक पडवीत. माझी माळ तिनं सांभाळली होती, तिचा काही दोष नाही. पडवीतलं ताट मी उचलून आत नेलं, त्यातली भाकरी आणि भाजी माझ्या ताटात घातली, रिकामं ताट मोरीत ठेवलं, आणि किसनला समोर बसवून त्याच्या घासात घास घेत, माळ गळ्यात असताना, मी जेवलो.